खटला तर चालवा! अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

प्रिय मंडळकरी मित्रमैत्रिणींनो,

गेल्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली होती, तेव्हा आपल्यातलेच एक गृहस्थ म्हणाले, "अतिरेक्यांना कसला आलाय खटला? लष्कराच्या ताब्यात द्यायचं आणि विसरून जायचं. कायदा आहे ना तसा." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी हातात खिरापतीची वाटी घेऊन गप्प उभा राहिलो. गृहस्थ भले आहेत. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर त्यांच्या घरून डबा येत होता. म्हणून तिथे वाद घातला नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हापासून हे पत्र मनात लिहितो आहे.

"कायदा आहे ना तसा." मला या चार शब्दांबद्दलच बोलायचं आहे. इथलं नागरिकत्व घेताना आपण उजवा हात वर करून शपथ घेतली. परक्या आणि घरच्या सगळ्या शत्रूंपासून या देशाच्या राज्यघटनेचं आणि कायद्यांचं रक्षण करीन, असे तिचे शब्द आहेत. म्हणजे कायदा काय आहे आणि काय नाही, हे विचारणं आपलं कामच आहे. ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, जे नोकरीच्या एच-वन व्हिसावर आहेत, ज्यांचा भाचा-पुतण्या नुकताच एफ-वन घेऊन शिकायला आला आहे, त्यांनीही वाचावं. त्यांच्यासाठी तर यात जास्तच काही आहे.

आधी आपल्या मुंबईचं सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. त्यांच्याकडे होती फक्त लाठी. गोळ्या अंगात शिरल्या, तरी हात सुटला नाही, आणि अतिरेकी जिवंत सापडला. शहरात १६६ माणसं मारली गेली होती. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बंदूक घेऊन फिरणाऱ्या कसाबचा फोटो साऱ्या जगानं पाहिला होता. याला कशाला खटला, असं म्हणायला यापेक्षा सबळ कारण कोणाकडे असेल? तरीही आर्थर रोड तुरुंगात न्यायालय उभं राहिलं. त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा न्यायालयानं वकील नेमून दिला. न्यायाधीश ताहिलियानी यांच्यासमोर एकेक साक्षीदार आला. कुबडीच्या आधारानं आलेल्या एका लहान मुलीनं आरोपीकडे बोट दाखवलं. बातमीदार बाकांवर बसून लिहून घेत होते. मे २०१० मध्ये तो दोषी ठरला. पुढे उच्च न्यायालय झालं, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. गुन्हा ते शिक्षा, चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात असा एक नकाशा सापडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. कपडे रक्तानं भिजलेले, आणि नकाशावर मात्र डाग नाही. न्यायाधीशांना हे पटलं नाही. त्या खटल्यातून दोघंही निर्दोष सुटले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती सुटका कायम ठेवली. शहर अजून सुतकात होतं, तरी त्या शहरातल्या न्यायाधीशानं नकाशा उलटसुलट करून पाहिला. मला मुंबईचा अभिमान वाटतो तो या जागी.

आता इकडचं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. २००६ पासून तो क्युबातल्या ग्वांटानामो इथल्या अमेरिकी नौदलाच्या तळावर कैदेत आहे. सुनावण्या झाल्या, आरोपपत्रं झाली, लष्करी आयोगाचे, म्हणजे तिथल्या लष्करी न्यायालयाचे, न्यायाधीश बदलले. २०२४ मध्ये गुन्हा कबूल करण्याचा करार झाला आणि संरक्षणमंत्र्यांनी तो दोनच दिवसांत मागे घेतला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानं ती माघार योग्य ठरवली. खटला मात्र आजतागायत उभा राहिलेला नाही. त्या दिवशी ज्यांची माणसं गेली, त्यांतले कित्येक आई-बाप वाट बघत म्हातारे झाले. याला मी कठोरपणा म्हणणार नाही. त्या कुटुंबांची ही फसवणूक आहे.

आणि हे नेहमीच्या न्यायालयांना जमत नाही म्हणून लष्कराकडे दिलंय, असंही नाही. डेव्हिड हेडली, ज्यानं आपल्या मुंबईची टेहळणी करून ठेवली होती, तो शिकागोत पकडला गेला, शिकागोच्याच साध्या फेडरल न्यायालयात उभा राहिला आणि ३५ वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. त्याच तुरुंगवासात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्यानं व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब ठेवणारा पकडला गेला, तेव्हा काही सिनेटर त्याला 'एनिमी कॉम्बॅटंट', म्हणजे शत्रूचा लढवय्या, म्हणून लष्कराकडे द्या म्हणत होते. दिला नाही. दोन वर्षांत बोस्टनच्या पंचांनी त्याला दोषी ठरवलं.

मग 'तसा कायदा' म्हणतात तो कुठला?

१४ सप्टेंबर २००१ ला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, एक ठराव मंजूर केला आणि १८ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी सही केली. त्यातलं कामाचं वाक्य इंग्रजीत अवघ्या साठ शब्दांचं आहे. ११ सप्टेंबरचे हल्ले ज्यांनी योजले, करवले, केले किंवा त्यांना मदत केली, आणि ज्यांनी अशांना थारा दिला, असं राष्ट्राध्यक्षांना वाटेल ती राष्ट्रं, संघटना आणि व्यक्ती यांच्याविरुद्ध 'आवश्यक आणि योग्य तेवढं सर्व बळ' वापरायची मुभा त्यात आहे. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० अशी मतं पडली. विरोधातलं एकमेव मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यात 'कैद' नाही. 'स्थानबद्धता' नाही. 'खटल्याशिवाय' नाही. मुदत तर नाहीच. माणसं वर्षानुवर्षं डांबून ठेवण्याचा अधिकार या वाक्यातून नंतर काढला गेला. बळ वापरता येतं तर पकडता येतं, पकडता येतं तर ठेवता येतं, आणि युद्ध संपेपर्यंत ठेवता येतं. युद्ध कधी संपलं हे सांगणारा कोण? ज्यानं पकडलं तोच.

मला हे इतकं का लागतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सहसा मी घरातलं चारचौघांत बोलत नाही.

जुलै १९७५. मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. बाबा शाळेत शिक्षक, विचारांनी समाजवादी, जयप्रकाशजींच्या आंदोलनाच्या दोन-तीन सभांना गेलेले. रात्री अकराच्या सुमाराला कडी वाजली. दारात उभा असलेला हवालदार बाबांचा जुना विद्यार्थी होता. मान खाली घालून म्हणाला, "सर, चला." हातात एक कागद दिला. छापील नमुना, इंग्रजीत, मोकळ्या जागा टाइप करून भरलेल्या. सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येऊ नये म्हणून 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध, एवढाच मजकूर. बाबांनी कंदिलाच्या उजेडात तो वाचला आणि म्हणाले, "अरे, यात वय अठ्ठावन्न लिहिलंय." बाबा तेव्हा अडतीस वर्षांचे होते. गावाचं नावही आमचं नव्हतं, दोन कोसांवरच्या दुसऱ्याच गावाचं होतं. नाव तेवढं बाबांचं. आई पुढे झाली. "अहो, हा कागद यांचा नव्हेच. दुरुस्त तरी करून आणा." हवालदार म्हणाला, "काकू, वरून आलंय. मी कुठं नेऊ दुरुस्तीला?"

बाबा एकोणीस महिने आत होते.

त्या दिवसांत आई त्या कागदाची नक्कल घेऊन कुठं कुठं गेली, याची यादी माझ्याकडे आहे, तिच्याच अक्षरात, वहीच्या मागच्या पानावर. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. सगळीकडे उत्तर एकच: आदेशाची कारणं सांगता येत नाहीत. आणि ते खरंच होतं. २९ जूनच्या वटहुकमानं कायद्यात कलमच घातलं होतं की, स्थानबद्धाला कारणं कळवायची गरज नाही. ज्याला कारण माहीत नाही तो खोडणार काय? 'मी तो नव्हे' असं म्हणायलासुद्धा समोर कोणीतरी ऐकणारा बसलेला लागतो. पोलिसांना हवे होते ते बाबाच, की अठ्ठावन्न वर्षांचा दुसरा कोणी, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या काळात मिसाखाली सुमारे ३५ हजार लोक स्थानबद्ध होते. त्यांच्यातल्या काहींनी उच्च न्यायालयांत हेबिअस कॉर्पसचे, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचे (कैद कायदेशीर आहे का ते न्यायालयानं तपासावं, असे) अर्ज केले. काही न्यायालयांनी ते ऐकलेही. मग २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की, आणीबाणीत असा अर्ज करताच येत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं होतं: एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तरी दाद मागता येणार नाही? उत्तर आलं की, आणीबाणी आहे तोवर नाही. खन्ना एकटे विरोधात राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. बहुमतात आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूड यांनी, २०१७ साली तो निकाल चुकीचा होता असं लिहून ठेवलं. बाबा तोवर राहिले नव्हते.

म्हणून २००४ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा हमदी निकाल वाचला, तेव्हा मी तो रात्रभर वाचला. यासर हमदी लुइझियानात जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक. २००१ मध्ये अफगाणिस्तानात पकडला गेला. सरकारनं त्याच्याविरुद्ध न्यायालयात दिलं काय, तर एका अधिकाऱ्याचं काही पानांचं प्रतिज्ञापत्र. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, रणांगणावर पकडलेल्याला ताब्यात ठेवण्याचा अधिकार त्या साठ शब्दांत अभिप्रेत आहे. दोन, पण तो माणूस नागरिक असेल तर आरोप कशाच्या आधारावर आहे हे त्याला सांगितलं पाहिजे, आणि तटस्थ माणसासमोर ते खोडून काढायची संधी दिली पाहिजे. युद्ध चालू आहे म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हातात कोरा चेक दिला असं होत नाही, हे त्यांचंच वाक्य. स्कालिया तर अतिशय कर्मठ, उजव्या विचारांचे न्यायमूर्ती. ते त्याच्याही पुढे गेले: नागरिक असेल तर देशद्रोहाचा खटला भरा, नाहीतर काँग्रेसनं उघडपणे हेबिअस कॉर्पस स्थगित करावं, मधला रस्ता राज्यघटनेत नाही. मी त्यांच्या बाकीच्या निकालांशी क्वचितच सहमत असतो. या निकालाचं पान मात्र मी घडी घालून पाकिटात ठेवलं होतं.

पुढे काय झालं? न्यायालयानं सुनावणी द्या म्हटल्यावर चारच महिन्यांत सरकारनं हमदीला सोडून सौदी अरेबियात पाठवून दिलं. जो माणूस इतका धोकादायक की त्याला वकीलही भेटू द्यायचा नाही, तो पुरावा दाखवायची वेळ येताच विमानात बसवण्याइतका निरुपद्रवी झाला.

आता ज्यांची मुलं इथे शिकायला येतात त्यांनी अल-मारी नावाच्या माणसाची गोष्ट जरूर वाचावी. कतारचा नागरिक, १० सप्टेंबर २००१ ला बायको आणि पाच मुलांना घेऊन इलिनॉयमधल्या पिओरियाला मास्टर्स करायला आला. रीतसर, कायदेशीर प्रवेश. डिसेंबरात अटक झाली. क्रेडिट कार्डांच्या फसवणुकीचा आणि खोटं बोलल्याचा आरोप ठेवला गेला, जुलै २००३ ची खटल्याची तारीखही लागली. तारखेला महिना उरला असताना राष्ट्राध्यक्षांनी एका कागदावर सही केली, त्याला 'एनिमी कॉम्बॅटंट' ठरवलं, आरोप काढून टाकले आणि त्याला दक्षिण कॅरोलायनातल्या नौदलाच्या तुरुंगात नेलं. तिथे तो साडेपाच वर्षांहून जास्त काळ होता. त्यातले पहिले सोळा महिने वकील नाही, घरच्यांशी बोलणं नाही.

हा माणूस निर्दोष होता असं मी म्हणत नाही. नव्हता. २००९ मध्ये नव्या सरकारनं त्याच्यावर साध्या न्यायालयात आरोप ठेवले, तेव्हा दोन-तीन महिन्यांतच त्यानं अल कायदाला मदत केल्याचं कबूल केलं आणि आठ वर्षं चार महिन्यांची शिक्षा घेतली. जे इतकं सरळ होतं ते साडेपाच वर्षं का केलं नाही? आणि त्याहून महत्त्वाचं: अमेरिकेच्या भूमीवर, घरातून उचललेल्या माणसाला लष्कर असं ठेवू शकतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं सुनावणीला घेतला होता. आरोप ठेवताच सरकार म्हणालं, आता प्रश्नच उरला नाही. खालच्या न्यायालयाचा निकाल रद्द झाला आणि उत्तर तसंच लटकत राहिलं. होजे पादिया हा तर जन्मानं अमेरिकन. शिकागोच्या विमानतळावर पकडला, किरणोत्सर्गी बॉम्बचा कट म्हणून जाहीर केलं, साडेतीन वर्षं त्याच नौदलाच्या तुरुंगात ठेवला. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण पुन्हा जाण्याची वेळ आली तेव्हा त्यालाही मायामीच्या साध्या न्यायालयात हलवलं. तिथल्या आरोपपत्रात त्या बॉम्बचा उल्लेखही नव्हता. दोन्ही वेळा न्यायालय उत्तर देणार असं दिसताच प्रश्न मागे घेतला गेला.

मग २०११ आलं. संरक्षण खर्चाच्या विधेयकात १०२१ नावाचं कलम घातलं गेलं. ३१ डिसेंबरला, लोक नव्या वर्षाच्या तयारीत असताना, ओबामांनी सही केली. अल कायदा, तालिबान किंवा त्यांच्या 'सहयोगी फौजां'चा भाग असलेल्या, किंवा त्यांना 'भरीव पाठिंबा' देणाऱ्या व्यक्तीला युद्ध संपेपर्यंत खटल्याशिवाय ताब्यात ठेवता येईल, हे त्यात पहिल्यांदा कायद्याच्या शब्दांत आलं. सहयोगी फौज म्हणजे कोण, भरीव पाठिंबा म्हणजे किती, याची व्याख्या नाही. त्याच कलमात पुढे एक पोटकलम आहे: नागरिक, कायदेशीर रहिवासी आणि अमेरिकेत पकडलेल्या इतर व्यक्ती यांच्याबाबत 'सध्याच्या कायद्यात' काही बदल होत नाही. वाचून बरं वाटतं. पण सध्याचा कायदा काय, हेच तर ठरलेलं नाही! ओबामांनी सही करताना स्वतःचं निवेदन जोडलं की माझं सरकार अमेरिकन नागरिकांना असं ठेवणार नाही. त्यांच्या हेतूवर माझा विश्वास आहे. निवेदन मात्र त्यांच्या कार्यकाळाबरोबर संपलं आणि कलम राहिलं. काही पत्रकार आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी २०१२ मध्ये कलमाला मनाई केली. वरच्या न्यायालयानं पुढच्या वर्षी ती उठवली. या लोकांना दाद मागायचा हक्कच पोचत नाही, असं कारण दिलं. म्हणजे आधी कोणीतरी आत जायला हवं.

आपल्याला पुण्याचं आठवत असेल. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये सरदार नातू बंधूंना उचललं ते १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली. सत्तर वर्षांचा जुना कायदा, ज्यांनी केला ते कधीच गेलेले. खटला नाही, आरोप नाही, दोन वर्षं अटकेत. सापडेल तसा पुरावा गोळा करण्यापेक्षा कपाटातला जुना कागद काढणं सोपं असतं. २००१ चा ठरावही तसाच कपाटात पडून आहे.

तुम्ही म्हणाल, ग्वांटानामोत आपलं कोण आहे? कोणी नाही. पण एक उदाहरण द्यायचंच आहे, कारण ते वाचताना मला बाबांचा कागद दिसला. अल-शमिरी नावाचा येमेनी माणूस २००२ पासून तिथे होता. अल कायदाचा निरोप्या आणि प्रशिक्षक म्हणून त्याची नोंद होती. डिसेंबर २०१५ मध्ये लष्करानं स्वतःच्याच अहवालात लिहिलं की, ही कामं त्याच्यासारखीच नावं असलेल्या दुसऱ्या लोकांनी केली असावीत. तो साधा लढवय्या होता, एवढंच उरलं. नावाचा घोटाळा सुटायला तेरा वर्षं लागली. अदनान लतीफचं तर प्रकरण न्यायालयात गेलं, २०१० मध्ये न्यायाधीशानं सोडा म्हटलं. वरच्या न्यायालयानं सांगितलं की सरकारी गुप्तवार्ता अहवालातली नोंद मुळात बरोबरच केलेली आहे असं धरून चाला. सुटकेचा आदेश रद्द झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये तो तिथेच मेला.

आणि मोआथ अल-अलवी. जानेवारी २००२ मध्ये आणलेल्या पहिल्या काही कैद्यांपैकी. कधीही आरोप ठेवला गेला नाही. तो कोठडीत गलबतं बनवायचा. पुठ्ठा, फाटक्या टी-शर्टचं कापड, टोपीचे दोरे, दात साफ करायचा धागा, बाटल्यांची झाकणं. त्यातून शिडं, डोलकाठ्या, सुकाणू, सगळं. ही गलबतं २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॉलेजात मांडली गेली. मी मुलीला घेऊन पाहायला गेलो होतो. शिडाच्या कडेला घातलेले टाके इतके बारीक होते की मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली. तिनं विचारलं, "यानं काय केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण कोणत्याही न्यायालयानं ते ठरवलंच नव्हतं. २०१९ मध्ये त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं ऐकला नाही. फक्त न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिलं की, हा अधिकार किती काळ चालणार याचं उत्तर द्यायची वेळ आता आली आहे. उत्तर आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अकरा येमेनींना ओमानला पाठवलं, त्यांत तो होता. त्या तळावर एकूण सुमारे ७८० माणसं आणली गेली. तेव्हा १५ उरली, आणि त्यांच्यातही काहींवर आरोप नाहीच. २०२५ च्या फेब्रुवारीपासून त्याच तळावर स्थलांतरितांनाही नेऊन ठेवायला सुरुवात झाली. कायदा वेगळा, कुंपण तेच.

"युद्धकैद्यांवर खटला कुठे असतो?" हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. युद्धकैदी युद्ध संपेपर्यंत ठेवता येतो, जिनिव्हा करार तसंच सांगतो. पण ते सैनिकाचं. त्याच्या अंगावर गणवेश असतो, तो कोण आहे याबद्दल वाद नसतो, शंका आलीच तर शहानिशा करायला न्यायमंडळ बसवा असं तोच करार म्हणतो, आणि लढाई थांबली की त्याला घरी पाठवायचं असतं. इथे वाद नेमका 'हा माणूस तो आहे का' एवढाच आहे. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये शेवटचा सैनिक काबूलहून निघाला, तरी लढाई संपली असं सरकारनं मानलेलं नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: "आधी भारतातलं बघा." बघतोच आहे. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली तिथे आजही बारा महिने खटल्याविना ठेवता येतं, यूएपीए या बेकायदा कृत्यविरोधी कायद्याखाली लोक वर्षानुवर्षं कच्चे कैदी म्हणून काढतात. महाराष्ट्रातही काढतात. तिथे ज्यांचं मत आहे त्यांनी तिथे बोलावं, आणि काही जण बोलताहेत, किंमत मोजून. माझं मत मात्र आता न्यू जर्सीत आहे.

म्हणून मागणं असं. तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या जिल्हा कचेरीत फोन करा. दोन मिनिटं लागतात. नाव, झिप कोड सांगा, म्हणजे त्यांच्या नोंदीत मतदाराचा फोन म्हणून चढतो. सांगा की २००१ च्या ठरावाला मुदत घाला. सांगा की १०२१ कलमात साध्या भाषेत लिहा: अमेरिकेच्या भूमीवर पकडलेल्या कोणत्याही माणसाला लष्कर खटल्याशिवाय ठेवू शकणार नाही. 'कोणत्याही माणसाला' हे शब्द सोडू नका. २०१२ मध्ये सिनेटनं ६७ विरुद्ध २९ मतांनी डायन फाइनस्टाइन यांची दुरुस्ती मंजूर केली होती, पण ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरती होती, आणि तीसुद्धा अंतिम मसुद्यातून गळली. ती जशीच्या तशी आली तर मंडळाचे निम्मे कार्यकर्ते आणि आपली सगळी एफ-वनवाली पोरं बाहेर राहतात. आणखी एक: ग्वांटानामोतल्या कैद्यांना खटल्यासाठीसुद्धा अमेरिकेत आणायला पैसे वापरायचे नाहीत, अशी अट काँग्रेस दरवर्षी घालते. ती काढा म्हणावं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं २०१९ मध्ये हिशेब मांडला होता, तेव्हा दर कैद्यामागे वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जात होते. म्हणजे पैसे वाचवायलाही ही अट नाही.

मिशिगनवाल्यांनो, तुमच्यापैकी काहींना तर मराठीतच बोलता येईल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार तुमच्याकडूनच निवडून गेले आहेत.

इंग्रजी पत्राचा मसुदा मी तयार ठेवला आहे, मागाल त्याला पाठवतो. पुढच्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर तासभर थांबणार आहे. ज्यांना फोनवर काय बोलायचं याची धाकधूक वाटते त्यांनी यावं, तिथूनच एकत्र संदेश ठेवू. त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत बोलले त्या काकांना मी स्वतः बोलावणार आहे. बाबांचा कागद बरोबर आणतो. पन्नास वर्षांत पिवळा पडलाय, पण वयाचा आकडा अजून स्वच्छ वाचता येतो.

आपला,
एक मंडळकरी
एडिसन, न्यू जर्सी